कोहिनूर कुणाच्या बापाचा?

पहिल्यांदा लंडनला ऑनसाइट गेलेला माणूस सुरुवातीचे दोन महिने प्रत्येक किमतीला नव्वदने गुणत असतो. २०१८ साली मीही गुणत होतो. टॉवर ऑफ लंडनचं तिकीट काढताना त्यामुळे पोटात गोळाच आला. पण म्हटलं, कोहिनूर बघायचाय, होऊ दे खर्च.

सोबत क्लायंटच्या टीममधला एक मित्र होता. मूळचा लाहोरचा. आमची मैत्री जमली ती चहावरून. (ऑफिसातल्या मशीनमधून जे गरम पाणी येतं त्याला चहा म्हणू नये, यावर भारत-पाकिस्तानचं संपूर्ण एकमत आहे :))

टॉवरच्या ज्वेल हाउसमध्ये मुकुटांच्या काचेच्या कपाटांशेजारून एक सरकता पट्टा जातो, विमानतळावर असतो तसा. आपण नुसतं उभं राहायचं, पट्टा आपल्याला मुकुटांसमोरून पुढे नेतो. थांबायची सोय नाही आणि फोटोला बंदी. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल ऐकलं, तो कोहिनूर काही सेकंद समोर आला आणि गेलाही. आम्ही परत मागे गेलो, पुन्हा पट्ट्यावर चढलो. असं तीनदा केलं. तिसऱ्या फेरीला मी मित्राला म्हटलं, "बघ, आमचा हिरा."

तो म्हणाला, "तुमचा कसा? तो इंग्रजांनी लाहोरच्या किल्ल्यातून नेला. मी लाहोरचा. तू कुठला?"

"नाशिकचा."

"मग?"

या 'मग?'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात पट्टा संपला.

तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला एक वाईट खोड असते. काही बिघडलं की 'कुणी केलं' यापेक्षा 'नेमकं कधी आणि कसं झालं' हे शोधायचं. मग वेळ मिळेल तसं वाचत गेलो. विल्यम डॅलरिम्पल आणि अनिता आनंद यांचं कोहिनूरवरचं पुस्तक वाचलं, मूळ करार वाचला, कोर्टातल्या बातम्या वाचल्या. आज जे लिहितोय ते या सगळ्या वाचनातून बनलेलं माझं मत आहे. पटलं तर बघा.

आधी थोडी साफसफाई करू. कारण कोहिनूरबद्दल आपल्याला जे 'माहीत' असतं त्यातलं निम्मं तरी व्हॉट्सॲपवरून आलेलं असतं.

काकतीयांच्या देवीच्या मूर्तीचा तो डोळा होता ही कथा तुम्ही ऐकली असेल. तिला त्या काळातला एकही कागद आधार देत नाही. बाबराने आपल्या आठवणींत एका मोठ्या हिऱ्याचा उल्लेख जरूर केलाय. १५२६ साली पानिपतच्या पहिल्या लढाईनंतर ग्वाल्हेरच्या राजघराण्याने तो आग्ऱ्यात हुमायूनला दिला. पुढे हुमायून इराणला पळाला तेव्हा त्याने तो शाह तहमास्पला दिला आणि शाहने तो दख्खनमध्ये निजामशहाकडे पाठवला अशी नोंद आहे. निजामशहा म्हणजे आपल्या अहमदनगरचा! हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. पण लगेच बसलो. कारण बाबराचा हिरा आणि कोहिनूर एकच हे कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही.

कोहिनूर हे नाव घेऊन केलेली पहिली भरवशाची नोंद येते ती थेट १७४० च्या दशकात. नादिरशहाचा इतिहास लिहिणाऱ्या मुहम्मद काझिम मारवीने मयूरासनावरच्या मोराच्या डोक्यात हा हिरा होता असं लिहिलंय. म्हणजे कागदाच्या हिशेबाने गोष्ट सुरू होते तीच मुळी दिल्लीच्या लुटीपासून, १७३९ पासून. नादिरशहाने मुहम्मदशहा रंगीलाशी पगडी बदलून पगडीत लपवलेला हिरा मिळवला, ही आपल्या सगळ्यांची लाडकी गोष्ट. तीही समकालीन नाही. हिरा हातात आल्यावर डलहौसीने थिओ मेटकाफ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याला त्याचा इतिहास शोधायला सांगितलं. त्याने दिल्लीच्या बाजारात कानावर पडलेल्या गोष्टी गोळा करून अहवाल दिला आणि तोच पुढे 'इतिहास' म्हणून जगभर फिरला. फॉरवर्ड करायची खोड जुनीच आहे म्हणायची.

असो. तिथून पुढचा प्रवास मात्र बऱ्यापैकी पक्का आहे. १७४७ मध्ये नादिरशहाचा खून झाला आणि हिरा त्याच्या सरदाराकडे, अहमदशहा अब्दालीकडे गेला. होय, तोच पानिपतवाला. १७६१ च्या जानेवारीत आपली माणसं उपाशीपोटी लढत होती तेव्हा कोहिनूर समोरच्या बाजूच्या मालकीचा होता. मराठ्यांचा आणि कोहिनूरचा खात्रीचा संबंध म्हणाल तर हा असा. अब्दालीचा नातू शाह शुजा राज्य गमावून लाहोरला आश्रयाला आला. १८१३ मध्ये महाराजा रणजितसिंहांनी त्याच्याकडून हिरा घेतला. 'घेतला' हा सभ्य शब्द झाला. पाहुण्याला पहाऱ्यात ठेवून, अन्नपाण्याची टंचाई करून घेतला.

हे मुद्दाम सांगतोय. आपल्या बाजूच्या लोकांनी तो काही सराफाच्या दुकानातून पावती घेऊन आणलेला नव्हता.

आणि इथेच इंग्रजांचा बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात आवडता मुद्दा येतो. ते म्हणतात, सगळ्यांनीच लुटला, मग शेवटच्या लुटारूलाच का धरता? नादिरशहाने लुटला, अब्दालीने लाटला, रणजितसिंहांनी पिळून काढला. त्या काळची रीतच ती. जो जिंकेल त्याचा हिरा.

मुद्दा वरवर पाहता बिनतोड आहे. मलाही बराच काळ तो पटायचा. पण १८४९ मध्ये काय झालं ते नीट पाहिलं की त्यातली हवा जाते.

रणजितसिंह १८३९ मध्ये वारले. शेवटच्या दिवसांत त्यांना हिरा जगन्नाथपुरीच्या देवळाला द्यायचा होता, पण खजिनदार मिश्र बेलीराम याने तो सोडला नाही. पुढच्या चार वर्षांत लाहोरच्या गादीवर एकामागून एक माणसं बसली आणि मेली. १८४३ मध्ये गादीवर आला दलीपसिंह, रणजितसिंहांचा सगळ्यात धाकटा मुलगा. वय वर्षं पाच. कारभार त्याची आई, राणी जिंदन बघायला लागली.

मग पहिलं इंग्रज-शीख युद्ध झालं. ते हरल्यावर डिसेंबर १८४६ मध्ये भैरोवालचा तह झाला. हा तह फार महत्त्वाचा आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकात तो एका ओळीत उरकलेला असतो. या तहाने दलीपसिंह सज्ञान होईपर्यंत, म्हणजे सप्टेंबर १८५४ पर्यंत, इंग्रज सरकार त्याचं पालक झालं. लाहोरचा सगळा कारभार इंग्रज रेसिडेंटच्या हातात गेला. राजा दलीपसिंह, पण सही रेसिडेंटची. त्या बदल्यात राज्य सांभाळून ठेवायचं आणि पोरगं मोठं झालं की परत द्यायचं, असा तो व्यवहार.

पालकाने पहिलं काम काय केलं? १८४७ मध्ये आईला पोरापासून तोडलं. राणी जिंदन कारस्थानी आहे म्हणून तिला आधी शेखूपुऱ्याला, मग बनारसला आणि शेवटी चुनारच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. पोरगं तेव्हा नऊ वर्षांचंही नव्हतं.

१८४८ मध्ये मुलतानला बंड झालं, ते पसरलं आणि दुसरं युद्ध पेटलं. आता नीट लक्ष द्या. बंड कुणाच्या कारभारात झालं? इंग्रज पालकाच्या. राजा कुठे होता? लाहोरला, इंग्रजांच्याच ताब्यात. बंड करणाऱ्यांत तो नव्हता. ते करण्याचं त्याचं वयही नव्हतं. तरी बंड मोडल्यावर शिक्षा कुणाला झाली? त्या पोराला. २९ मार्च १८४९ रोजी लाहोरला दहा वर्षांच्या दलीपसिंहाकडून करारावर सही घेतली गेली. आई तेव्हा शेकडो मैल लांब, बंदिवान.

करार पाच कलमांचा, छोटासाच आहे. पहिलं कलम, राज्यावरचा सगळा हक्क सोडला. दुसरं, राज्याची सगळी मालमत्ता युद्धखर्चापोटी आणि कर्जापोटी ईस्ट इंडिया कंपनीकडे जप्त. तिसरं, कोहिनूर लाहोरच्या महाराजांनी इंग्लंडच्या राणीच्या स्वाधीन करावा. चौथं, वर्षाला चार ते पाच लाखांचं पेन्शन. पाचवं, 'महाराजा' हा किताब राहील आणि गव्हर्नर जनरल सांगेल तिथे राहायचं.

दुसऱ्या कलमात सगळीच मालमत्ता जप्त झाली होती, तर मग हिऱ्यासाठी वेगळं तिसरं कलम कशाला? हे वाचल्यावर मला हाच प्रश्न पडला. उत्तर खुद्द डलहौसीनेच एका खासगी पत्रात देऊन ठेवलंय. हिरा राणीला तिच्या प्रजेतल्या एखाद्या कंपनीने 'भेट' म्हणून द्यावा हे त्याला कमीपणाचं वाटत होतं. भेट म्हणजे उपकार. त्यापेक्षा हरलेल्या राजाने तो जिंकणाऱ्या राणीच्या हाती थेट द्यावा, त्यात राणीचा मान जास्त, असं त्याचं म्हणणं. कंपनीचे डायरेक्टर यावरून त्याच्यावर नाराजही झाले.

म्हणजे ज्याने हा व्यवहार रचला, तोच म्हणतोय की ही भेट नव्हे. भेट दिसू नये म्हणून तर त्याने वेगळं कलम घातलं!

आता 'सगळ्यांनीच लुटला' या मुद्द्याकडे परत येऊ. नादिरशहा तलवार घेऊन आला आणि घेऊन गेला. त्याने कधी असं म्हटलं नाही की मी मुहम्मदशहाचा पालक आहे. अब्दालीने पालकत्वाचा तह केला नव्हता. इंग्रजांचं वेगळेपण हे की त्यांनी तलवारीला कायद्याची म्यान घातली आणि आजही ते त्याच कायद्याचा हवाला देतात. ठीक आहे, मग कायद्यानेच बोलू. पालकाने अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा करार मुलाकडून स्वतःच्याच फायद्यासाठी करून घ्यायचा, हे कुठल्या कायद्यात बसतं? अज्ञान मुलाच्या इस्टेटीचा विश्वस्त स्वतःच ती इस्टेट गिळू शकत नाही, हे तत्त्व तर इंग्लंडच्याच न्यायालयांनी घडवलेलं आहे.

आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम ॲडमिनला सगळे पासवर्ड विश्वासाने दिलेले. त्याने यूझरच्या अकाउंटमधून पैसे आपल्या साहेबाच्या अकाउंटला वळवले आणि लॉगमध्ये एंट्री केली, 'यूझरच्या संमतीने'. बाहेरून हॅकरने घुसून पैसे पळवले, तर ती चोरी. हे जे आहे ते चोरीच्या पुढचं आहे. याला विश्वासघात म्हणतात.

आणि हे मी आज, २१व्या शतकातल्या चष्म्यातून म्हणत नाहीये. त्या काळी पंजाबात बसलेल्या हेन्री लॉरेन्सला पंजाब खालसा करणं मान्य नव्हतं. मेजर इव्हान्स बेल नावाच्या इंग्रजाने १८८२ मध्ये याच विषयावर अख्खं पुस्तक लिहून हाच पालकत्वाचा मुद्दा मांडला. तेव्हा 'त्या काळी असंच चालायचं' म्हणणाऱ्यांनी त्या काळच्या इंग्रजांनाच आधी वाचावं.

दुसरा बचाव असा की १८५४ मध्ये दलीपसिंहाने स्वतःच्या हाताने हिरा राणी व्हिक्टोरियाला दिला की! दिला, खरंय. तोपर्यंत मुलगा ख्रिश्चन झाला होता, इंग्लंडला आणला गेला होता. बकिंगहॅम पॅलेसमध्ये त्याचं चित्र काढणं चालू असताना व्हिक्टोरियाने हिरा मागवला आणि त्याला दाखवला. त्याचा पालक लॉगिन, त्याच्या बायकोने हा प्रसंग लिहून ठेवलाय. मुलगा हिरा घेऊन खिडकीशी गेला, बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिला. सगळ्यांचे श्वास अडकलेले. मग येऊन त्याने तो वाकून राणीच्या हातात ठेवला.

पंधरा वर्षांचा मुलगा. खाणं, राहणं, पेन्शन, सगळं यांच्या हातात. त्याने दुसरं काय करायचं होतं? खिशात घालून पळायचं होतं? (खरं तर हिऱ्याची ओळखही राहिली नव्हती. १८५१ च्या प्रदर्शनात लोकांना तो पुरेसा चमकदार वाटला नाही म्हणून १८५२ मध्ये लंडनमध्ये त्याला नव्याने पैलू पाडले आणि १८६ कॅरटचा हिरा साधारण १०५ कॅरटवर आणला.) मोठेपणी हाच दलीपसिंह व्हिक्टोरियाला मागे 'मिसेस फॅगिन' म्हणायचा असं सांगतात. फॅगिन म्हणजे डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला चोरीचा माल घेणारा. स्वखुशीने भेट देणारा माणूस असं म्हणेल का?

तिसरा बचाव मोठ्या लोकांचा. २०१० मध्ये भारतात आलेले ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून म्हणाले होते की एकाला हो म्हटलं तर ब्रिटिश म्युझियम रिकामं होईल. गंमत अशी की कोहिनूर ब्रिटिश म्युझियममध्ये नाहीच. म्युझियमला वस्तू देऊन टाकता येत नाहीत, त्यासाठी १९६३ चा कायदा आड येतो. कोहिनूरला तो कायदा लागू नाही, तो राजमुकुटाच्या ताब्यात आहे. आणि समजा, चोरीचा माल परत केल्याने दुकान रिकामं होणार असेल, तर प्रश्न दुकानाचा आहे की मालाचा?

इथपर्यंत इंग्रजांना झोडपलं. टाळ्या झाल्या असतील तर आता आपल्याकडे वळू.

एप्रिल २०१६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात कोहिनूर परत आणावा अशी याचिका आली. आपल्या सरकारच्या सॉलिसिटर जनरलांनी काय सांगितलं? हिरा चोरलेला नाही, जबरदस्तीने नेलेला नाही, रणजितसिंहांच्या वारसांनी तो युद्धातल्या मदतीची भरपाई म्हणून कंपनीला दिला! डलहौसीलाही हे वाचून ठसका लागला असता. बोंबाबोंब झाल्यावर दुसऱ्या दिवशी सरकारने खुलासा केला की सामोपचाराने हिरा परत आणायचे सगळे प्रयत्न करू. २०१७ मध्ये न्यायालयाने याचिका निकाली काढली. आणि २०१८ मध्ये माहिती अधिकारातल्या एका अर्जावर पुरातत्त्व खात्यानेच उत्तर दिलं की लाहोरच्या महाराजांनी हिरा स्वाधीन केला होता. एकच सरकार, दोन वर्षं, दोन उत्तरं. करार पाच कलमांचा आहे हो, चहा पिता पिता वाचून होतो.

आता माझ्या लाहोरी मित्राच्या 'मग?'कडे. पाकिस्ताननेही १९७६ मध्ये भुत्तोंच्या वेळी ब्रिटनकडे हिरा मागितला होता. २००० मध्ये तालिबानने मागितला. इराणही कधीमधी बोलतो. एवढे गिऱ्हाईक आहेत म्हटल्यावर 'कुणाला द्यायचा हेच ठरत नाही, म्हणून आमच्याकडेच राहू दे' असं म्हणणं इंग्रजांच्या फारच सोयीचं आहे.

माझं मत असं. 'सगळ्यात पहिला मालक कोण' या प्रश्नाच्या मागे लागू नका. ती विहीर तळाची नाही. कृष्णेच्या काठच्या गाळात ज्या मजुराच्या हाताला तो लागला असेल, त्याच्यापर्यंत जावं लागेल. प्रश्न असा विचारा की आज ज्याच्याकडे आहे त्याने तो कुणाकडून आणि कसा घेतला? याचं उत्तर कागदावर, तारखेसकट, सहीसकट आहे. लाहोर दरबाराकडून, एका अज्ञान मुलाकडून, त्याचा पालक असताना. 'कोहिनूर कुणाच्या बापाचा' या प्रश्नाचं शब्दशः उत्तर द्यायचं तर दलीपसिंहाच्या बापाचा.

दलीपसिंह १८९३ मध्ये पॅरिसमध्ये, सगळ्यांपासून तुटलेल्या अवस्थेत वारला. त्याच्या मुलांपैकी कुणालाच मूल झालं नाही. शेवटची मुलगी राजकन्या बांबा १९५७ मध्ये लाहोरला गेली. म्हणजे घराण्याचा वारस नाही. राहिला तो पंजाब, आणि त्याचे १९४७ मध्ये दोन तुकडे झाले. तेव्हा दावा दिल्लीचाही नाही आणि इस्लामाबादचाही नाही. तो अमृतसरचा आणि लाहोरचा, दोघांचा मिळून आहे. काही वर्षं इथे, काही वर्षं तिथे. हसू नका, मलाही माहितीये की क्रिकेटची साधी मालिका होत नाही तिथे हिरा कुठून फिरणार. पण न्याय काय हे सांगणं वेगळं आणि तो उद्या होईल का हे सांगणं वेगळं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे म्हणून पहिल्याचं उत्तर बदलत नाही.

आणि हिरा येईल तेव्हा येईल. त्याच्या आधी एक गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे, ती म्हणजे खरं लिहिणं. ६ मे २०२३ च्या राज्याभिषेकात राणी कॅमिला यांनी कोहिनूर नसलेला मुकुट घातला. (त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या कलिननचे हिरे होते, म्हणजे एका घरचं नको म्हणून दुसऱ्या घरचं.) त्याच वर्षी टॉवरमधल्या नव्या मांडणीत कोहिनूरला विजयाचं प्रतीक म्हटलं गेलं. म्हणजे लाज थोडी थोडी जाणवायला लागलीये. आता फक्त एक वाक्य हवंय. 'हा हिरा आम्ही आमच्या पालकत्वाखालच्या दहा वर्षांच्या मुलाकडून घेतला.' त्या पट्ट्यावरून जाताना वाचून होईल एवढंच.

शेवटी मित्राला न देता आलेलं उत्तर.

राणी जिंदन एप्रिल १८४९ मध्ये, म्हणजे पोराच्या सहीनंतर काही आठवड्यांतच, चुनारच्या किल्ल्यातून मोलकरणीच्या वेशात निसटली आणि नेपाळला पोचली. माय-लेकाची भेट झाली ती थेट १८६१ मध्ये, कलकत्त्यात. तेरा वर्षांनी. तोपर्यंत तिला नीटसं दिसतही नव्हतं. तो तिला इंग्लंडला घेऊन गेला, पण ती दोनच वर्षांत, १८६३ मध्ये लंडनला वारली. तिचे अंत्यसंस्कार पंजाबात व्हावेत अशी इच्छा होती. सरकारने आईचं शव घेऊनसुद्धा त्याला पंजाबात पाऊल टाकू दिलं नाही. मुंबई इलाख्यापर्यंतच ये म्हणाले. म्हणून १८६४ मध्ये लाहोरच्या त्या राणीवर अंत्यसंस्कार झाले नाशिकला. गोदावरीच्या काठी पंचवटीच्या बाजूला तिची छोटी समाधी होती. १९२४ मध्ये नात बांबाने अस्थी लाहोरला नेल्या, रणजितसिंहांच्या समाधीजवळ.

माझं आजोळ पंचवटीतलं. आजीच्या अस्थी आम्ही रामकुंडात सोडल्या तेव्हा मी तिथल्या पायऱ्यांवर उभा होतो. लहानपणापासून त्या घाटावर शेकडो वेळा गेलोय. इथे कोहिनूरच्या शेवटच्या राणीची राख वाहिली, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. शाळेत हिऱ्याचे कॅरट पाठ करून घेतले, त्या बाईचं नाव नाही.

हे सगळं वाचल्यावर मी लाहोरच्या मित्राला एक लांबलचक ईमेल लिहिली. त्याचं उत्तर एका ओळीत आलं. "यार, हिऱ्याचं बघू नंतर. पण आमच्या राणीला साठ वर्षं सांभाळलंत, त्याबद्दल नाशिकचे आभार."

पुढच्या वेळी नाशिकला गेलात तर गोदाकाठी दोन मिनिटं थांबा. तिथे पट्टा नाहीये, हवं तितका वेळ उभं राहता येतं.